बॅटरी कुणी धरायची

हुसैनमियाँ सिंकखाली शिरले की गुलबानूने बॅटरी धरायची, हे एकतीस वर्षं ठरलेलं होतं. चौऱ्याऐंशी साली ती म्हसळ्याहून ओमानातल्या सहमला आली, नवऱ्याच्या नळदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत संसार मांडला, आणि त्याच आठवड्यात त्यांनी मत्रहच्या बाजारातून तीन सेलची स्टीलची बॅटरी आणून तिच्या हातात ठेवली. तिला वाटलं, भेट आहे.

"भेट कसली? धर. मला उजेड पाहिजे."

ती बॅटरी धरून तिने नवऱ्याची जेवढी बोलणी खाल्ली, तेवढी सासूचीही खाल्ली नव्हती. "डोळ्यात नको, पाइपात धर!" "हात हलतोय की पाइप हलतोय?" एरवी हा माणूस इतका मुका की ईदलासुद्धा "शीरखुर्मा बरा झालाय" एवढ्यावर आटोपायचा. कामाला बसला की मात्र तोंड सुटायचं, आणि समोर ती एकटीच असायची. ते ओरडणं तिला गोड लागायचं. अर्थात हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आता, दोन हजार पंधराच्या जानेवारीत, अझैबाच्या घरामागच्या अंगणात ती बॅटरी सुनेच्या, नूरैनच्या हातात होती.

कारण झालं ते चाकांवरचं घर. हुसैनमियाँनी ज्याच्या इमारतींचे नळ बावीस वर्षं सांभाळले, त्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, ते मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन इंजिनिअरकडून घेतलं होतं. आत पलंग, चूल, मोरी, सगळं. मागच्या हिवाळ्यात अर्बाब ते घेऊन जबल शम्सच्या डोंगरावर गेला, तर रात्रीत सांडपाण्याच्या पाइपात बर्फ झाला आणि वळणावरचा जोड तडकला. या वर्षी त्याला पाहुणे न्यायचे होते. "हुसैन, नीट कर," तो म्हणाला, "आणि आधी तुझं कुटुंब वर झोपव, मग माझं."

हुसैनमियाँची पंचाईत झाली. ओमानात त्यांचा सारा जन्म गरम पाण्याशी झगडण्यात गेला होता. उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ पोळतो म्हणून गिझर बंद ठेवून त्याचंच पाणी गार म्हणून वापरायचं, छतावरच्या टाकीला सावली करायची, ही त्यांची विद्या. गोठलेला पाइप त्यांनी पाहिलाच नव्हता. पाहिला नव्हता तो नूरैननेही, पण ती रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधून शिकून आलेली, आणि फोनवर तिने थंड मुलखातल्या लोकांचे चार व्हिडिओ पाहिले होते.

"अब्बा, हे बघा. इथे पाइप पोटात लोंबलाय. उतार नाही. पाणी इथेच थांबणार आणि इथेच गोठणार."

"शाब्बास!" हुसैनमियाँ म्हणाले.

गुलबानू स्वयंपाकघराच्या खिडकीत बांगडे साफ करत होती. तिची सुरी थांबली. शाब्बास? एकतीस वर्षांत तिला एकदा तरी शाब्बास मिळाली होती का?

चार दिवस दोघं त्या गाडीखाली होती. तडकलेला जोड कापून नवा बसवला, लोंबणारा पाइप पट्ट्यांनी वर उचलून उतार दिला, वरून फोमचं जाड वेष्टण चढवलं. चहा गार व्हायचा. गुलबानू नेऊन द्यायची तेव्हा नवरा बघायचाही नाही. आणि तिसऱ्या दिवशी तिने ते ऐकलं: "डोळ्यात नको गो, पाइपात धर!"

तेच शब्द. तोच हेल. गुलबानू आत गेली आणि तिने उगाचच मसाल्याचा डबा पुसून काढला.

"अम्मी, अब्बा किती ओरडतात!" नूरैन संध्याकाळी हसत म्हणाली.

"सवय नसेल तर कशाला जातेस?" गुलबानू म्हणाली.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मुजम्मिलने कुरुमहून येऊन गाडी हातात घेतली आणि शुक्रवारी दुपारी चौघं डोंगरावर पोचली. मुजम्मिल म्हणजे गुलबानूचा मुलगा, नूरैनचा नवरा, बापासारखाच मुका. ऊन होतं तोवर बरं वाटलं. मावळतीला असा वारा सुटला की गुलबानूने दोन शाली एकावर एक घेतल्या. जेवणं झाली. भांडी घासताना नूरैनने सगळ्यांना समजावलं.

"सांडपाणी गाडीखालच्या टाकीत जातं. टाकीचा व्हॉल्व्ह रात्री घट्ट बंद ठेवायचा. साठू दे पाणी. सकाळी ऊन आलं की एकदम सोडायचं. बारीक धार लागून राहिली की बाहेरच्या पाइपात थरावर थर बसतो आणि खलास. अम्मी, लक्षात राहील ना?"

हे शेवटचं वाक्य नको होतं.

"आमच्याकडे झोपणाऱ्या माणसाखाली खरकटं पाणी तुंबवून ठेवत नाहीत," गुलबानू म्हणाली.

"अम्मी, ही एकच रात्र."

"तिला कळतं ते," हुसैनमियाँ मध्येच म्हणाले. "ऐक तिचं."

ऐक तिचं! गुलबानू हात पुसत गाडीबाहेर गेली. व्हॉल्व्हची मूठ पायरीजवळच होती. म्हसळ्याच्या घरात आई दिवेलागणीलाच मोरी कोरडी करायची, नाहीतर बरकत जाते म्हणायची. ते कारण तिने मनाशी धरलं. पण ते खरं कारण नव्हतं, आणि तिला ठाऊक होतं. खरं कारण आत खिडकीशी बसून बॅटरीचे सेल बदलत होतं. तिने मूठ ओढली. पुरी ओढली असती तर धबधबा ऐकू गेला असता, म्हणून दोनच बोटं. पाणी अंगठ्याएवढंही नाही, दोऱ्याएवढं सुटलं. समाधानाने ती आत येऊन झोपली.

पहाटे फजरच्या नमाजाआधी हुसैनमियाँ वजूला, हातपाय धुवायला उठले. दोनदा हातावर पाणी घेतलं आणि खाली बघितलं, तर मोरीत पाणी चढत होतं, वर कालच्या भाताची चार शितं तरंगत होती.

"नूरैन!"

सगळी बाहेर धावली. टाकीच्या तोंडापासून पाइपाच्या टोकापर्यंत काचेसारखा बर्फ, आणि टोकाला हातभर लांब सुळका. व्हॉल्व्ह दोन बोटं उघडा.

"बंद केला होतास ना?"

"केला होता, अब्बा."

"मग जिन्नाने उघडला?"

नूरैन गोंधळली. "केला होता... असं वाटतंय."

"वाटतंय? पाइपाला वाटून चालत नाही! चार दिवस हाडं झिजवली ती काय वाटण्यासाठी? उद्या अर्बाबच्या पाहुण्यांना सांगू, आम्हाला वाटलं होतं?"

नूरैनचे डोळे भरले. गुलबानू पायरीवर उभी होती. हेच तर हवं होतं तिला. मग छातीत हे काय टोचतंय? दया आली म्हणावं, तर दया नव्हती. सुनेकडे बघता बघता तिला चौऱ्याऐंशीचं सहम आठवलं. तिने हातात दिलेला जोड उलटा बसला होता, ती "मला वाटलं..." म्हणाली होती, आणि हाच माणूस याच आवाजात तिला म्हणाला होता, पाइपाला वाटून चालत नाही. हे वाक्य तिचं होतं. ओरडणंसुद्धा त्या पोरीला गेलं!

"तिला काय बोलता?" गुलबानू म्हणाली. "जिन्न मी. मी उघडला."

हुसैनमियाँ वळले. "तू?"

"मी. दोन बोटं."

"दोन बोटं! अगं, उघडायचा तर पुरा उघडायचा! पाणी निघून तरी गेलं असतं! दोन बोटं म्हणजे थेंब थेंब, म्हणजे बर्फच! एकतीस वर्षं माझ्याबरोबर राहून हीच अक्कल? नळ अर्धा ठेवू नये, हे मी तुला सहमला किती वेळा..."

ते बोलत राहिले. डोंगरावर पहिलं ऊन यायला वेळ होता, तोवर त्यांचं चालूच. नूरैन घाबरून सासूकडे बघत होती. सासू मात्र पदर सावरून, खाली मान घालून, मनापासून ऐकत होती.

मुजम्मिलने उकळत्या पाण्याची किटली आणली. "एकदम नको," नूरैन नाक पुसत म्हणाली, "प्लास्टिक आहे, तडकेल." हुसैनमियाँनी गॅसचा बर्नर काढला होता, तोही तिने परत ठेवायला लावला. "फोम सोडून कोमट पाण्यात पिळलेलं कापड गुंडाळायचं. टोकाकडून सुरुवात, म्हणजे वितळेल ते बाहेर पडेल."

थंडीने आखडलेले हुसैनमियाँचे गुडघे गाडीखाली जायला तयार होईनात. नूरैनच चादर टाकून खाली सरकली. खाली अजून अंधार होता. हुसैनमियाँनी, न बघता, मागे हात करून बॅटरी गुलबानूपुढे धरली.

"आता उभी काय राहिलीस? धर. तिच्या डोळ्यात नको, पाइपात."

गुलबानूने आपली वरची शाल फाडून कापडं करायला दिली आणि गुडघे टेकले. तासभर कापडं गार होत गेली, गरम होऊन आली. बर्फ आधी घामेजला, मग टोकाचा सुळका खळ्ळकन पडला, आणि शेवटी भातासकट सगळं पाणी बादलीत कोसळलं. जोड शाबूत होता.

"अब्बा, अम्मींचा उजेड जरासुद्धा हलत नाही," खालून नूरैन म्हणाली.

"शिकवलंय मी."

"शिकवलंय म्हणे! ओरडलात नुसते," गुलबानू म्हणाली.

पाइपाची परीक्षा राहिली होती म्हणून सगळी आणखी एक रात्र थांबली. त्या रात्री व्हॉल्व्ह गुलबानूने स्वतः बंद केला, दोनदा ओढून पाहिला. सकाळी पाणी सरळ गेलं. अर्बाब खूश झाला आणि महिनाभर सगळ्यांना नूरैनचं कौतुक सांगत फिरला. सांगू दे बापड्याला.

अझैबाला परतल्यावर ती बॅटरी कोठीतल्या खिळ्यावर गेली नाही. गुलबानूच्या उशाशी राहिली. पुढच्या आठवड्यात हुसैनमियाँबरोबर शेजारच्या व्हिलातला नळ बघायला निघताना नूरैन दारात येऊन म्हणाली, "अम्मी, बॅटरी देता?"

"तुला कशाला?" गुलबानू चपला शोधत म्हणाली. "मी येते."