पुकारा

"काका, माहा पुकारा जरा जोरानं करजा. डाव्या कानानं आता आयकू येत नाही."

उकंडाने हातातल्या यादीवरून नजर उचलली आणि तिला ओळखलं. जया भीमराज भगत. वर्षापूर्वी हीच बाई घटस्फोटाचा अर्ज घेऊन याच व्हरांड्यात, याच बाकावर बसली होती.

कोर्टाच्या दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारण्यात उकंडाची तीस वर्षं गेली होती. आवाज असा खणखणीत, की फाटकाबाहेर चहा पिणारा माणूसही पेला ठेवून धावत येई. खुनाची प्रकरणं त्याने पान चघळत पाहिली. घटस्फोटाची मात्र त्याला मुळीच सोसत नसत. लोकांचे संसार मोडायला सरकारने मलाच का उभं केलंय, असं तो बायकोपाशी कुरकुरत असे.

त्या दिवशी जयाची चार वर्षांची सलोनी आईचा हात सोडून धावली आणि समोर उभ्या असलेल्या भीमराजच्या, आपल्या बापाच्या, गळ्यात पडली. ते पाहून उकंडाला नको ते शहाणपण सुचलं. जयाचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकला होता. उकंडाने तिचं नाव नियमाप्रमाणे तीनदा घेतलं, पण इतकं हळू, की चौकटीबाहेर जाऊ नये. मग आत वळून म्हणाला, "कोणी नाही साहेब." अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज खारीज झाला. घरी जाऊन त्याने बायकोला ऐटीत सांगितलं, "आज एक घर वाचवलं म्या."

"कानाले काय झालं?" त्याने आता विचारलं.

"अर्ज खारीज झाला, म्हंजे कोर्टानंच नांदाले धाडलं, म्हणून भावानं मले परत नेऊन सोडलं. तिसऱ्याच दिवशी ह्यानं मारलं. पडदा फाटला म्हणे." जया दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं सांगत होती.

"अन् पोरगी?"

"ठेवून घेतली. फोनवरबी बोलू देत नाही."

उकंडाला स्वतःची शिसारी आली. तिचा पुकारा त्याने एवढ्या मोठ्याने केला, की साहेबांनी मान वर करून पाहिलं. पण उपयोग काय? भीमराज घरी सापडत नाही म्हणून तिच्या नव्या अर्जाची नोटीस तशीच परत आली होती. चार महिन्यांनंतरची तारीख पडली.

जया बाहेर येऊन बाकावर टेकली. उकंडा तिच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"बाई, त्या दिवशी तुहं नाव म्या मुद्दाम हळू घेतलं. तुले आयकू जाऊ नये म्हणून. तुहा गुन्हेगार मी हाओ."

जया फरशीकडे बघत म्हणाली,

"मले आयकू आलं होतं, काका. तिन्ही वेळा."

"मंग उठली काहून नाही?"

"पोरगी त्याच्यापाशी हासत होती. लई दिवसानं हासली होती."

आतून घंटी वाजली. पुढच्या जोडप्याचा पुकारा करायचा होता. जयाने तारखेची चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि आर्णीची बस चुकेल म्हणून ती लगबगीने फाटकाकडे निघाली.