देवाच्या कोंडीतला नवस

वैशाखाचे ताम्रवर्णी ऊन देवराईच्या माथ्यावर पेटलेले. राईच्या पोटात मात्र हरितगर्भ, शीतल अंधार. त्या अंधाराच्या कुशीत देवाची कोंड. नदी वर आटली, खाली आटली. उरले एवढेच नीलश्याम, डोहभर पाणी. आणि त्या पाण्यात इवली, अरुणपुच्छ मासोळी. ती या कोंडीत आहे, आणि अवघ्या पृथ्वीवर आणखी कुठेही नाही.

त्या मासोळीचा अभ्यास करणारी सुनेत्रा काठावर ओणवली. दरवर्षी तिने मूठभर भात टाकावा आणि पाण्याला लाल पालवी फुटावी. आज भात पडला, पसरला, बुडू लागला. पालवी फुटली नाही.

मग खोलातून एक रुंद, राखाडी पाठ वर आली. थोराड ओठ उघडले, भात गडप. मागोमाग दुसरी पाठ, तिसरी पाठ. चिलापी! बाजारातली, अंडीपिल्ली गिळणारी चिलापी. ती इथे आली कशी?

"मीच सोडलंय, बाय," कोंडीची राखण करणारी भागीरथी गुरवीण कौतुकाने म्हणाली. "देवाचं मासं कमी दिसाय लागलं. देवाचं घर रितं नको, म्हून नवस बोलले नि बाजारातनं जितं आणलं."

सुनेत्राला रडू कोसळले. रागवायचे तरी कुणावर? मायेनेच घात केला होता.

"मावशी, हे मासे आपल्या देवाच्या मासोळीची पिल्लं खातात हो. माझ्याकडे जाळं आहे, टाकायला हवं. आत्ताच."

जाळे! जिथे कधी गळ पडला नाही, जिथे पिढ्यान्‌पिढ्या देवाची आण, त्या पाण्यात जाळे! भागीरथीने देवळाकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले. सुनेत्राचा जीव टांगणीला लागला.

म्हातारीने पदर खोचला. "पाप माझं हाय. एक टोक माझ्या हातात दे."

जाळे बुडाले, जाळे भरले; राखाडी, तडफडते, जड जाळे. पुन्हा बुडाले, पुन्हा भरले. उन्हे कलली तेव्हा ते रिकामे आले. भागीरथीने काठच्या खडकाच्या कपारीपाशी भात सोडला, आणि दोघी पाण्यावर ओणवल्या.

पाणी स्थिर. पाणी काळे. मग कपारीच्या ओठाशी एक लाल ठिणगी लवलवली, विझली, पुन्हा लवलवली.

एकच. एकटीने वंश चालत नाही, हे दोघींनाही ठाऊक होते.

सांज उतरली, पाणी निवले; आणि म्हातारीची भाताची मूठ पाण्यावर उघडीच राहिली.