माझी न कापलेली सोळा पानं

मी एक जुनी कादंबरी आहे. पुठ्ठा निघालाय, शिवण सैल झालीय, तरी मित्रांनो, माझी गोष्ट ऐकाच.

मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला आणि १९५४ साली बोटीने मी किनाऱ्यावरच्या देवबाग गावात आले. तिथल्या भाई तांडेलांच्या पडवीत गावच्या पुरुषांनी छोटंसं वाचनालय काढलं होतं.

माझी नायिका कुमुदिनी. शेवटच्या पानावर ती ट्रंक उचलते आणि नवऱ्याचं घर सोडते. झालं! गुरुदास मास्तरांनी तिच्या डोळ्यांच्या वर्णनाखाली इतक्या रेघा ओढल्या की कागद फाटला. त्यांना ती साक्षात देवी वाटे. कुणीतरी तिला भुलवलं असणार, असं ते म्हणत. भाई म्हणत, "शिकलेली बायल अशीच उर्मट." पोस्टातल्या गंगारामांच्या मते तिचं कुणावर तरी प्रेम होतं, आणि तो माणूस बराचसा गंगारामांसारखाच दिसत असावा. चार वर्षं हा वाद रंगला. मी गर्वाने फुगले.

मग एके दुपारी भाईंना त्यांची बायको विमला मला चाळताना दिसली. लगेच सभा भरली.

"ह्या पुस्तक घरातल्या बायलांका बिघडवतला. चुलीत घाला!" भाई म्हणाले. सगळ्यांचे हात वर झाले.

तेवढ्यात मासे विकणारी सुगंधा अंगणात आली. प्रौढांच्या वर्गात ती नुकतीच वाचायला शिकली होती.

"जाळूच्या आदी माका बघूक दिया," म्हणत तिने पदराला हात पुसले आणि मला उघडलं. "अगो बाय! ही पानां जोडलेलीच आसत. मगे तुमी वाचलास काय?"

मित्रांनो, तेव्हा काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेली येत. वाचणाऱ्याने ती कापून घ्यायची. माझी सोळा पानं कुणी कापलीच नव्हती. प्रत्येकाला ते दिसलं होतं, पण तोवर प्रत्येकाने आपलं मत सांगून टाकलं होतं.

सुगंधाने मासळीच्या सुरीने पानं कापली. आत कुमुदिनीचं नवऱ्याला लिहिलेलं पत्र होतं. सुगंधा अक्षर अक्षर जुळवत वाचू लागली.

"मला मिरजेच्या शाळेत नोकरी मिळाली आहे. हे मी आपल्याला चारदा सांगितले. आपण माझे डोळे पाहत होता, ऐकत नव्हता. सासूबाईही माझ्याबरोबर येत आहेत. त्याही कंटाळल्या आहेत."

"सासूय गेली?" भाई ताडकन उठले.

दारात त्यांची म्हातारी आई पद्मावती उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "सुगंधा, ता परत वाच गो. माका नीट ऐकाक इला नाय."

सभा तिथेच मोडली. मला जाळायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्या आठवड्यात मास्तर मला मुकाट्याने घरी घेऊन गेले आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. पुढे मी घरोघरच्या स्वयंपाकघरांत फिरले.

तर मित्रांनो, आम्हा पुस्तकांना ओल लागू देऊ नका, आमची पानं दुमडू नका. आणि एखाद्या बाईबद्दल मत द्यायचंच असेल, मग ती पुस्तकातली असो की घरातली, तर आधी तिचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. मला हातात घ्याल तेव्हा सुगंधाच्या सुरीवरच्या बांगड्याचा वास येईल. तेवढा सोसा.