सराईच्या वाटेवरचं घर

पाहुण्याला आल्या आल्या ‘काय काम काढलंत?’ असं विचारणारा माणूस चेत-बुलाक या किरगिझ गावात अजून जन्मायचा आहे. आधी चहा, मग जेवण, मग झोप. दुसऱ्या दिवशी पाहुण्यानं आपणहून तोंड उघडलं तरच कामाचं बोलणं. बुरुलला ही रीत काय ठाऊक नव्हती? तीही याच गावची सून. पण जपानच्या बाईंकडे दोनच दिवस आहेत, एक कामाचा आणि एक फिरण्याचा, हे गेला महिनाभर ती घसा फोडून सांगत होती, आणि गाव आपलं मेंढी कुठली कापायची यावर भांडत होतं.

“म्हणजे बाई गाडीतून उतरणार आणि आपण तिला दारातच मधाची पिंपं दाखवायची?” कालमुरात बाबा म्हणाले. “आपण काय बाजारातले दलाल आहोत?”

“बाबा, ती पिंपंच बघायला येतेय.”

“बघेल की! पिंपांना काय पाय फुटलेत, सूनबाई?”

कालमुरात बाबा म्हणजे बुरुलचे चुलत सासरे आणि गावातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांची पांढरी टोपी जिकडे वळेल तिकडे गाव वळायचं. त्यांच्यापुढे बोलायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. बुरुलनं ते आपटून पाहिलं होतं. मध काढणारी पंधरा घरं तिनं एकेक करून एकत्र आणली होती. व्यापारी पडेल भावात मध मागत होता, तेव्हा ‘थांबा, परदेशातून गिऱ्हाईक आणते’ असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. आता गिऱ्हाईक आलं नाही, तर लोक मधमाश्यांच्या पेट्या विकून मोकळे होणार. आणि नूरदीन, तिचा नवरा, रशियात इमारतींवर विटा चढवत होता. तो फोनवर एवढंच म्हणाला होता, “मध खपला तर मी घरी येतो, बुरुल. नाहीतर आणखी दोन वर्षं इथंच.”

कुवाबारा बाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्याला कापडी हॅट. कॉलेजात शिकलेली रशियन भाषा त्यांना चांगली येत होती, आणि बुरुल लग्नाआधी शाळेत रशियनच शिकवायची. त्यामुळे दुभाषी तीच.

कामाचा दिवस कसा गेला म्हणता? घरामागून घर! प्रत्येक घरी ताजी रोटी, साय, पिठाचे तळलेले गोळे, म्हणजे बोरसोक, आणि थिजलेल्या तुपासारखा पांढरा मध. एका घरी नव्या सुनेनं गडबडीत पाहुणीचा पेला काठोकाठ भरला, तर बाबा कडाडले, “अगं, हाकलून देतेस का तिला? अर्धा ओत, अर्धा!” पोर रडकुंडीला आली. भरलेला पेला म्हणजे ‘प्या आणि निघा’. अर्धा म्हणजे ‘बसा, आम्ही पुन्हा ओतू’. दुपारी घोडे झाले, झरा झाला, पाहुण्याच्या मानाचं मेंढीचं डोकं झालं. बाई घड्याळाकडे बघून हळूच विचारायच्या, “मधाची वखार कधी?” आणि बाबा त्यांच्यापुढे आणखी एक बशी सरकवायचे.

दिवस मावळता मावळता एकदाची वखार उघडली. बाईंनी पिंपांतला मध छोट्या बाटल्यांत भरून घेतला. मग सगळ्यांकडे बघून एकच प्रश्न विचारला, “इथं माश्यांना रोग येतो का?”

“छे छे!” सगळे एका सुरात म्हणाले. “आमच्याकडे? कधीच नाही!”

बुरुलनं तेच रशियनमध्ये सांगितलं. बाईंनी “बरं” म्हटलं आणि पेन खिशात ठेवून दिलं. एक अक्षरही न लिहिता पेन खिशात गेलं, हे बुरुलनं पाहिलं.

दुसरा दिवस बाईंचा स्वतःचा होता, पदरच्या पैशांनी घेतलेला. दरीच्या टोकाची, व्यापारी तांड्यांच्या मुक्कामाची जुनी दगडी सराई बघायची त्यांची तरुणपणापासूनची इच्छा होती. आता आली का पंचाईत! सराईच्या वाटेवर एकच घर लागतं, ते ऊलकान आपांचं.

ऊलकान आपा एकट्या राहत. मुलगा शहरात गेला तो तिकडचाच झाला. नूरदीन पहिल्यांदा रशियाला गेला, तेव्हा याच आपांनी आपल्या दोन भरल्या पेट्या बुरुलच्या अंगणात आणून ठेवल्या होत्या. “माशीला माणसाची सोबत लागते, पोरी,” त्या म्हणाल्या होत्या, “आणि तुला माशीची.” बुरुलचं सगळं मधाचं घर त्या दोन पेट्यांवर उभं राहिलं. आणि यंदा जूनमध्ये आपांच्याच माश्यांना सडीचा रोग लागला. आपांनी एका रात्री सगळ्या पेट्या रस्त्याकडेला ओढल्या आणि पेटवून दिल्या. तिथं अजून गवत उगवलं नव्हतं. गावानं काय केलं? काही नाही. त्या वाटेनं जाणंच सोडलं. बुरुलनंही.

“सांगू या की रस्ता खचलाय,” सकाळी बुरुल बाबांना म्हणाली.

“पाहुण्याशी खोटं बोलू? जीभ झडेल माझी!”

“मग काल रोग नाही म्हणालात, ते काय होतं?”

बाबा जरा गडबडले. “ती गावाची अब्रू होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, बाबा?”

बाबांनी टोपी डोक्यावर दाबली आणि गाडीत जाऊन बसले.

गाडी बुरुलच चालवत होती. तिनं ठरवलं होतं, आपांचं घर आलं की वेग वाढवायचा आणि पाहुणीला पलीकडचा डोंगर दाखवायचा. पण वळण घेतलं, तर म्हातारी भर रस्त्यात उभी! दोन्ही हातांत घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा. वाडगा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वळसा घालून जाणं या दरीत चोरालाही जमलेलं नाही. बुरुलनं ब्रेक दाबला.

“आलीस का, पोरी?” आपा म्हणाल्या. “मला वाटलं, उडवूनच जातेस.”

आत सतरंजीवर कापड पसरलेलं होतं. रोटी होती, साय होती, जर्दाळू होते. पाहुणीला मानाच्या जागी बसवलं, शेजारी दुभाषी म्हणून बुरुल, पलीकडे बाबा. खाली चहाच्या किटलीपाशी घरातल्या सुनेनं बसायचं असतं. आपांना सून नव्हती, म्हणून त्या स्वतःच बसल्या. ओतताना चहा बशीत सांडत होता.

कुवाबारा बाईंनी कापडावरून नजर फिरवली. “काल सगळीकडे मध होता,” त्या म्हणाल्या. “इथं नाही?”

बुरुलनं तो प्रश्न आपांना सांगितला. सांगणं भागच होतं.

“मध कुठला!” आपा म्हणाल्या. “तिला सांग, माझ्या माश्यांना सड लागली. अळ्या पोळ्यातच कुजल्या, काडी घातली की चिकट तार सुटायची. मी सगळ्या पेट्या जाळल्या. माश्या आत असताना जाळल्या, रात्री सगळ्या घरी परतल्यावर. नाहीतर त्या उडून तुमच्या पेट्यांवर गेल्या असत्या आणि गावाचं वाटोळं झालं असतं.” त्यांनी नाक पुसलं. “सांग ना! अशी काय बघत बसलीस?”

एक वाक्य पुरलं असतं. ‘यांच्या माश्या वरच्या कुरणावर आहेत.’ बस्स. बाईंना किरगिझ येत नव्हतं. बाबांना सैन्यातली रशियन येत होती, पण बाबा छताकडे बघत होते आणि छताकडेच बघत राहणार होते. नूरदीनचा आवाज बुरुलच्या कानात आला. आणखी दोन वर्षं इथंच. खरं सांगायचं तर जीभ वळवळली तिची. मग तिला आपांचा किटली धरलेला हात दिसला. मनगटापर्यंत भाजल्याचे डाग होते. जून उलटून इतके दिवस झाले आणि ते डाग तिनं आज पहिल्यांदा पाहिले.

‘हिच्याच पेट्यांवर माझी चूल पेटली,’ तिच्या मनात आलं, ‘आणि हिच्याच घरात बसून मी हिच्या माश्या पुन्हा मारू?’

तिनं सगळं सांगितलं. सड, तार, जाळणं, आत असलेल्या माश्या, सगळं. आणि थांबली नाही, पुढं स्वतःचंही बोलली, “काल आम्ही सगळे तुमच्याशी खोटं बोललो. मीसुद्धा.”

बाबांनी छतावरून नजर काढून स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवली.

कुवाबारा बाईंनी पेला खाली ठेवला आणि त्या बाहेर गेल्या. जळून काळ्या पडलेल्या जमिनीपाशी उभ्या राहिल्या. वाकून माती बोटांनी चोळली. इथून सगळ्यांत जवळच्या पेट्या कुणाच्या, त्यांना नंतर काही झालं का, असं विचारलं. बुरुलनं ओढ्यापलीकडची घरं दाखवली, तिथल्या सगळ्या पेट्या ठणठणीत होत्या. मग बाईंनी हॅट काढली आणि दारात उभ्या असलेल्या आपांपुढे कमरेत वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

“हिचं काही पडलं का गं खाली?” आपांनी बुरुलला विचारलं.

सराईपर्यंत गाडीत दोघीच होत्या. बाबा आलेच नव्हते, गुडघे दुखतात म्हणून आपांकडेच थांबले. बाई सराईच्या अंधाऱ्या कमानीत शिरल्या. बुरुल बाहेर गाडीला टेकून बसली आणि मनसोक्त रडली. गेला मध, गेला नूरदीन. पण गंमत बघा, मन मात्र कालपासून पहिल्यांदा हलकं झालं होतं.

बाई बाहेर आल्या, तिच्या शेजारी दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, “मी किती गावांत हा प्रश्न विचारलाय. सगळीकडे तेच उत्तर. ‘आमच्याकडे? कधीच नाही!’ जिथं असं सांगतात, तिथून मी मध घेत नाही. रोग कुठं नसतो? तो लपवतात की जाळतात, एवढंच मला बघायचं असतं. काल रात्री मी नकार ठरवून टाकला होता. आज फक्त सराई बघून जाणार होते.”

बुरुलनं घाईघाईनं डोळे पुसले.

“तपासणीत मध चांगला निघाला, तर यंदा अर्धा घेऊ. पुढल्या वर्षी सगळा. पण कुणाच्या पेटीत काही झालं, तर मला त्याच दिवशी कळलं पाहिजे.” मग त्यांनी हॅट झटकली आणि पहिल्यांदाच हसल्या. “आणि तुमच्यामुळे माझी सराई नीट बघून झाली नाही. आत फिरत होते, पण डोक्यात सारखी ती काळी जमीन. परत यावं लागणार मला.”

बुरुलनं फोन हातात घेतला. नूरदीनचं नाव काढलं. मग फोन पुन्हा खिशात टाकला. ही बातमी आधी दुसऱ्या एका माणसाची होती.

आपांच्या घरापाशी पोचल्या, तर टोपी काढलेले कालमुरात बाबा ओढ्यापलीकडे दगड वाहत होते! घामानं निथळत होते. पेट्या ठेवायला चौथरा घालत होते, जळलेल्या जागेपासून लांब.

“घरटी एक भरली पेटी ऊलकानला,” त्यांनी बुरुलला सांगितलं. “वसंतात इथं आणायची. कुणी नाही म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठव.” मग आपांकडे न बघता म्हणाले, “मी जूनमध्येच यायला हवं होतं, ऊलकान. राख गरम होती तेव्हा.”

“आलात ना आता,” आपा म्हणाल्या. “तो डावीकडचा दगड हलतोय, नीट बसवा.”

सगळे आत गेले. बुरुलनं आपांना सगळं सांगितलं. सौदा झाला, आणि तो मधामुळे नाही, त्यांच्या राखेमुळे झाला.

आपा ऐकून घेत होत्या. मग फणकारल्या, “म्हणजे काल आणलं असतंत, तर कालच झालं असतं की काम! दोन दिवस साय बाजूला काढून ठेवलीय मी. काल दिवसभर दारात उभी होते. आज ती आंबट झाली. खा आता तशीच!”

काल दिवसभर म्हातारी दारात उभी होती, आणि काल दिवसभर ती स्वतः पाहुणीला गावभर मिरवत होती, हे एक घर सोडून.

आपांनी किटलीकडे हात नेला. बुरुल पाहुणीशेजारच्या मानाच्या जागेवरून उठली, खाली येऊन आपांजवळ बसली आणि तिनं ती किटली हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या भाजलेल्या मनगटाला तिचा हात लागला.

“आपा, माझं घर तुम्ही दोनदा उभं केलंत,” ती म्हणाली. “आणि मी तुमच्या दारावरून गाडी पळवणार होते.”

ऊलकान आपांनी तिच्याकडे पाहिलं. मग सरकून तिला किटलीपाशी नीट जागा करून दिली आणि आपला रिकामा पेला तिच्यापुढे धरला.

“अर्धाच ओत, सूनबाई,” त्या म्हणाल्या.