कोपऱ्यातली चौकट

दुभाषीनं अंगठी काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, घड्याळ काढलं आणि बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. हातावर काही चमकलं की पाहणाऱ्याची नजर तिकडे जाते आणि शब्द निसटतो. मग ती काळ्या पडद्यासमोर, जमिनीवरच्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

राष्ट्रीय वाहिनीवर उजव्या कोपऱ्यात खाली जी लहानशी चौकट दिसते, तिच्यात उभं राहून ती बहिऱ्या प्रेक्षकांना खुणांच्या भाषेत बातम्या सांगत असे. अख्खी इमारत तिला चौकटबाई म्हणे. तिला त्याचं काही वाटत नसे. कोपऱ्यातल्या माणसाला दोन भिंतींचा आधार असतो, असं ती हसून म्हणायची. तशी तिला आधाराची गरज होतीच. करार वर्षावर्षाचा, तो येत्या सोमवारी संपत होता, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

आज पाणीपुरवठा मंत्र्यांची पत्रकार परिषद थेट दाखवायची होती. शहरात पोटाच्या तक्रारी वाढल्या होत्या, दवाखान्यांत खाटा उरल्या नव्हत्या, आणि नळाच्या पाण्याबद्दल कुजबुज सुरू झाली होती. वृत्तप्रमुखांच्या सकाळपासून येरझारा चालल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. फक्त फोन वाजला की त्यांचा हात आधी शर्टाच्या वरच्या बटणाकडे जाई. आज ‘वरून’ फोन आला होता. हे ‘वर’ म्हणजे रस्त्यापलीकडच्या मंत्रालयातली तळमजल्यावरची एक खोली, हा इमारतीतला जुना विनोद. खाली प्रवेशद्वाराशी ‘हे प्रसारण जनतेचे आहे, सरकारचे नाही’ हे कायद्यातलं वाक्य काचेत लावलेलं होतं. काच रोज पुसली जाई.

“निवेदन पूर्ण जाऊ द्या,” नियंत्रण कक्षातून प्रमुखांचा आवाज दुभाषीच्या कानातल्या यंत्रात आला. ते तंत्रज्ञाशी बोलत होते. “प्रश्न सुरू झाले की आवाज घालवा. तांत्रिक बिघाड म्हणून पट्टी टाका.”

“आणि चित्र?”

“मंत्र्यांचा चेहरा कापायचा? डोकं ठिकाणावर आहे का? चेहरा राहू दे. आवाज तेवढा काढा.”

चौकटीबद्दल कोणी काही बोललं नाही. त्यांच्या लेखी चौकट म्हणजे चित्राचाच एक भाग होता, घड्याळ किंवा वाहिनीचं चिन्ह असतं तसा. दुभाषी विचारणार होती. तिनं तोंड उघडलंसुद्धा. मग मिटलं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मंत्री आले. पाणी स्वच्छ आहे, अफवा पसरवणाऱ्यांची गय केली जाणार नाही, असं बराच वेळ सांगत राहिले, आणि तिनं ते इमानेइतबारे हातांनी सांगितलं. घरी आई टीव्हीसमोर बसली असणार, हे तिला ठाऊक होतं. आई जन्मापासून बहिरी. लहानपणी घरात सगळे जेवताना हसले की ती शेजारच्याची बाही ओढून विचारायची, काय झालं? उत्तर ठरलेलं असे, हाताच्या एका झटक्यात: काही नाही, नंतर सांगते. ते ‘नंतर’ तिच्या वाट्याला कधी आलं नाही. लेक बोलायला लागली तेव्हा आईनं तिला एकच गोष्ट बजावली: तुझ्या कानात येईल ते माझ्यापर्यंत आलं पाहिजे. चांगलं-वाईट मी ठरवीन.

एका दैनिकाची वार्ताहर उठली. “पाणी पिण्यायोग्य नाही, असं तुमच्याच खात्याच्या प्रयोगशाळेनं दोन महिन्यांपूर्वी कळवलं होतं. मग लोकांना उकळून प्या एवढं तरी का सांगितलं नाही?”

पडद्यावर पट्टी झळकली: तांत्रिक बिघाडामुळे आवाज खंडित, थोड्याच वेळात पूर्ववत होईल. दुभाषीच्या कानातली तार मात्र सभागृहाला थेट जोडलेली होती. तिला सगळं लख्ख ऐकू येत होतं. सोमवार आठवला, घरभाडं आठवलं. हात खाली ठेवले असते तर कोणी एका शब्दानं विचारलं नसतं.

तिनं हात उचलले आणि प्रश्न सांगितला. प्रयोगशाळा. दोन महिने. पिण्यायोग्य नाही. उकळून. ‘उकळून’ तिनं पुन्हा एकदा नीट सांगितलं. मंत्र्यांनी समोरची सीलबंद बाटली उघडली, घोटभर पाणी घेतलं आणि सचिवाकडे पाहिलं. “पुढचा प्रश्न,” सचिव म्हणाला. तेही तिनं सांगितलं: उत्तर दिलं नाही, पुढचा प्रश्न.

कार्यक्रम संपल्यावर प्रमुखांनी तिला खोलीत बोलावलं.

“आवाज गेल्यावरही तुमचे हात चालू होते.”

“हो.”

“काय सांगत होतात?”

“कानात येत होतं ते.”

प्रमुखांनी तिच्या हातांकडे पाहिलं. टेबलावरचा पाण्याचा पेला तोंडाशी नेला, आणि न पिताच परत ठेवला.

“वरून विचारलं तर मी काय सांगू, बाई?”

“सांगा, त्यांना कोणालाच खुणा येत नाहीत. शिकायच्या असतील तर मी शिकवीन.”

ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. “कराराचं सोमवारी बघू,” एवढंच म्हणाले. काही नाही, नंतर सांगतो, यातलाच तो प्रकार. ती उठली.

घरी जिना चढतानाच तिला दाराबाहेर चपलांची गर्दी दिसली. आईला काही झालं की काय? आत आई स्वयंपाकघरात ठणठणीत उभी होती. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळत होतं. बाहेरच्या खोलीत अर्धी इमारत जमली होती. समोरच्या काकूंच्या हातात कागद-पेन्सिल होती, पण आई कधी लिहायला शिकली नव्हती; काकूंचा चेहरा रडवेला.

“बरं झालं बाई आलीस! आम्हाला नुसती पट्टी दिसली. तेवढ्यात तुझी आई दारं ठोठावत फिरली, आमचे हंडे ओतायला लावले. माझ्या नातवाच्या हातातला पेलाच काढून घेतला. त्यांना सगळं कळलंय गं, पण आम्हाला त्यांचं कळेना. काय विचारलं त्या पत्रकारबाईनं?”

जिन्यात बायका गप्पा मारत असताना आई जवळ गेली की हात झटकणाऱ्या त्या ह्याच काकू. लेक सांगायला लागली, तेवढ्यात आईनं तिचं मनगट धरलं. मी सांगते, तिनं खूण केली. तू फक्त आवाज दे.

सगळे आईकडे पाहू लागले. आईनं काकूंकडे पाहिलं, आणि हात उचलून हवेत एक झटका दिला. काकूंना ती खूण चांगलीच ओळखीची होती. त्यांचा चेहरा पडला. लेकीला ते तोंडानं कसं म्हणावं कळेना.

मग आईचे खांदे हसण्यानं हलायला लागले. तिनं खुर्ची पुढे ओढली, काकूंना दंडाला धरून बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिच्या हातांमागून लेक बोलत गेली, एकही शब्द न गाळता.

पर्समधला फोन वाजायला लागला, ऑफिसच्या नंबरला लावलेल्या वेगळ्या सुरात. काकूंनी पर्सकडे पाहिलं. आई सांगतच होती, म्हणून लेकही बोलत राहिली.