कापलेली हाक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्या डोक्यावर टोमॅटोची पाटी आहे. कंपालातल्या कालेर्वे बाजारात, सेबुलिबाच्या गाळ्यात मी बरीच वर्षे राबलो. आता त्याची बायको तिथे भाजी मांडते. तिला मी दोष देत नाही. भाजी निदान खरी असते.

माझे काम सोपे होते. डीव्हीडी पोटात घ्यायची, चित्र टाकून द्यायचे, आवाज तेवढा काढायचा आणि तो दाबून दाबून इतका लहान करायचा की नखाएवढ्या कार्डात ढीगभर सिनेमे मावावेत. मोटारसायकलवर गिऱ्हाइकाची वाट पाहणारे बोडावाले ते कार्ड फोनमध्ये घालून कानाला लावून ऐकत. चित्राशिवाय सिनेमा कसला, असे तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडे परक्या सिनेमावर आपल्या भाषेत बोलणारा निवेदक असतो. बंदुका धडधडत असतात आणि हा वरून थट्टा करत असतो. त्यात कासिर्येचा हात धरणारा कोणी नव्हता.

कासिर्येला एक खोड होती. सिनेमा सुरू होण्याआधी तो आपल्या आंधळ्या आईला हाक मारी. "नालोंगो, जेवलीस का? ताटातले मटोके गार करू नकोस. मी जरा लढाई आटोपून येतो." जुळ्यांच्या आईला आम्ही नालोंगो म्हणतो, तिचा दुसरा जुळा पाळण्यातच गेला होता. मग कासिर्ये हसे आणि लगेच आपल्या दुकानाचा पत्ता सांगे.

हा पत्ता सेबुलिबाच्या डोळ्यांत खुपे. दुसऱ्याचा पत्ता उडवायचा, हा बाजाराचा रिवाजच होता. पण नेमका तेवढाच कापायचा त्याला कंटाळा. तो हाकेसकट सगळी सुरुवात छाटून टाकी.

"आईची विचारपूस ऐकायला कार्ड भरतात काय लोक?" तो म्हणे.

कासिर्ये तापाने गेला. त्याचे दुकान मोडले तेव्हा सगळ्या डीव्हीडी सेबुलिबाने उचलल्या. माझ्याकडून आवाज काढून झाल्यावर त्या तबकड्या त्याने मक्याच्या शेतात पाखरे हाकलायला टांगल्या.

मग एके दिवशी नालोंगो शेजारणीचा हात धरून आली.

"माझ्या पोराचा आवाज तुझ्याकडे आहे म्हणे."

"आहे ना, आई. बसा, पोटभर ऐका."

त्याने एकामागून एक सिनेमे लावले. प्रत्येक सिनेमा थेट गोळीबारानेच सुरू झाला.

"हा त्याचाच आवाज," ती म्हणाली. "पण मला हाक मारतो ते कुठंय?"

"पुढं असेल कुठंतरी."

"पुढं नसतं रे. आधी मी, मग लढाई."

"उद्या या, आई. शोधून ठेवतो."

त्याने शेतातून एक तबकडी आणून मला चारली. उन्हाने तिची पाठ सोलली होती, बाकीच्यांचीही तीच गत. मी घरघरलो आणि ती बाहेर टाकली. तेव्हा सेबुलिबा स्वतः माइकपुढे बसला. इतक्या वेळा कापलेली ती हाक त्याला तोंडपाठ होती. त्याने कासिर्येची नक्कल केली, मागे गोळीबार भरला आणि लबाडी कळू नये म्हणून मला ते सगळे फार फार दाबायला लावले. मी दाबले. नाही म्हणायला मला तोंड कुठे होते?

दुसऱ्या दिवशी नालोंगोने सेबुलिबाचा फोन कानाशी धरला. ऐकले. पुन्हा लावायला सांगितले.

"कासिर्ये हे म्हणून हसायचा," ती म्हणाली. "हा घाबरलाय."

सेबुलिबा माइकची वायर गुंडाळू लागला.

"तुझी आई आहे का रे?"

"आहे. गावी, मसाकाला."

"मग हे तिला पाठव. आवाज तुझाच आहे."

फोन त्याच्या हातात देऊन ती निघून गेली. त्याने ती हाक आईला पाठवली नाही. त्याच दुपारी माझ्याकडून पुसून घेतली. पुढे लोक कार्डाशिवाय, थेट इंटरनेटवरूनच सगळे ऐकू लागले आणि मी पाटीखाली गेलो.

मित्रांनो, आवाज हवा तेवढा लहान करा, पण मूळ तबकडी जपून ठेवा. आणि कात्री लावण्याआधी ते बोलणे कोणासाठी आहे, एवढे तरी ऐकून घ्या. त्या मक्याच्या शेतात कासिर्येच्या तबकड्या अजून वाऱ्यावर फिरतात. पाखरेसुद्धा आता त्यांना भीत नाहीत.