माझ्या पायावरचा आळ

आमच्या व्हॅनला खटका बसायचा आणि त्याचा आळ माझ्या डाव्या पायावर यायचा. रिव्हर्समधून पहिल्या गिअरवर आले, क्लच सोडला, की सीटखाली धाडकन आवाज. गोडादऱ्याहून सचिनच्या औद्योगिक वसाहतीत साड्यांच्या पॅकिंगवर जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या पाच बायकांना मी रोज नेते. व्हॅनचं वय झालंय हे आंधळ्यालाही दिसेल, पण खटका बसला की पाचही जणी माझ्याकडेच बघायच्या.

"जयश्री, तू क्लच झटका दीसन सोडस," सरलाबाई म्हणायच्या. "मना मनका दुखस."

सरलाबाई सगळ्यांत थोरल्या. त्या बोलल्या की बाकीच्या चौघी माना डोलावतात. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला असलेला माझा नवरा निंबा तेव्हा दारातच उभा असायचा. त्याच्या तोंडातून चकार शब्द निघायचा नाही.

मग एका सकाळी खटका गायबच झाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला संशय आला. दुखणं असं औषधाशिवाय जातं का? त्यातून हमरस्त्यावर जरा वेग घेतला की गाडीच्या तळाला कापरं भरू लागलं. मी भूपेंद्रभाईंच्या गॅरेजवर गेले आणि आधीच्या खटक्याचंही सांगितलं. त्यांनी गाडी दोनदा मागेपुढे केली. आवाज नाही. "बेन, गाडी घरडी थई गई छे, बाकी बराबर छे," असं म्हणून ते हसले. म्हातारी गाडी बरोबर, मग चूक कोण, ते मला समजलं. रागानं कान तापले माझे.

शनिवारी उतरताना सरलाबाईंनी जाहीर केलं, की पायांना मुंग्या येतात, सोमवारपासून आम्ही रिक्षानं जाऊ. त्या गेल्या म्हणजे पाचही गेल्या. मग व्हॅन विकायची आणि मी परत घरात बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. गाडी शिकताना भर रस्त्यात लोकांचं एवढं ऐकून घेतलं, ते काय टिकल्यांसाठी? मी ठरवलं, रविवारी दुखणं शोधायचंच. पायात निघालं तर कबूल करीन. गाडीत निघालं तर गल्लीला ऐकवीन.

रविवारी निंबाला शेजारी बसवून सचिनच्या रस्त्याला लागले. कापरं सुरू झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि नुसती घरंगळू दिली. इंजिन शांत झालं, कापरं तसंच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं आणि क्लचही. त्याच वेगाला आधी तिसऱ्या गिअरवर चालवून पाहिली, मग चौथ्यावर. फरक नाही, म्हणजे गिअरचाही दोष नव्हता. स्टीअरिंगला थरथर नव्हती, ती सगळी बुडाखाली. पुढची चाकंही संशयातून सुटली. निंबा खिडकीबाहेर बघत होता. राहू दे आता, असं त्यानं दोनदा सुचवलं.

घरी आल्यावर मागची चाकं जॅकवर घेतली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, पुढच्या चाकांना विटा लावल्या. एरवी जॅकला हात लावायला धावणाऱ्या निंबाला नेमकी तेव्हाच भाजी आणायची आठवण झाली. मी ओढणी कमरेला खोचून गाडीखाली शिरले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब शाफ्ट असतो, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस नावाचे सांधे असतात. पुढचा सांधा ठीक होता. मागच्या सांध्यावर हात ठेवला तर लोखंड लागेना. कापड लागलं.

साडीच्या किनारीची पट्टी होती, ग्रीसमध्ये माखलेली, घट्ट गुंडाळलेली, एका अंगाला जास्त. मी पुसून पाहिली. गाठ होती तुटलेला धागा जोडताना विणकर मारतो तसली, बारीक, न सुटणारी. निंबा पिशवीचं तोंडही त्याच गाठीनं बांधतो.

कात्रीनं पट्टी कापली. शाफ्ट हातानं डावी-उजवीकडे हलवला तर सांध्याची एक बाजू आधी फिरली आणि दुसरी नंतर. क्रॉस पार झिजला होता. खटका त्याचा, पट्टीनं दाबून टाकलेला. कापरं मात्र एका अंगाला जड झालेल्या पट्टीचं होतं.

निंबा आला तेव्हा मी पट्टी त्याच्यापुढे धरली. लूमच्या कारखान्यात असंच करतात, तो म्हणाला. काही खडखडलं की चिंधी गुंडाळायची, कारण मशीन थांबवायचं नसतं. मी म्हणाले, मशीन एका जागी उभं असतं. हा शाफ्ट हमरस्त्यावर सुटला असता तर मागे बसलेल्या पाच जणींचं काय झालं असतं? त्याचा चेहरा उतरला. क्रॉस गुपचूप बदलून टाकू, कुणाला कळायला नको, एवढंच तो पुटपुटला.

गुपचूप तर मी मुळीच बदलणार नव्हते. गाडी खाली घेतली. भूपेंद्रभाईंना बोलावलं, सरलाबाईंना हाक मारून मागे बसवलं. भूपेंद्रभाईंनी रिव्हर्स टाकला, मग पहिला. धाडकन आवाज झाला. सरलाबाईंनी सीट धरली आणि त्यांना सुनावलं, की पाय जरा हळू उचला. भूपेंद्रभाईंनी तो अगदी अलगद उचलला. पुन्हा धाडकन.

गल्ली जमली होती. सरलाबाई सावकाश उतरल्या आणि त्यांनी विचारलं, मग मधले दिवस आवाज कुठे गेला होता? चारचौघांत नवऱ्याची अब्रू काढायला माझी जीभ रेटेना.

"आवाज मी बंद करेल व्हता," निंबा म्हणाला. "तिना पायमा काहीच खोट नही. तुम्ही तिले बोलेत, माले सहन नही व्हये."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मीही. पाच बायकांना उत्तर द्यायचा त्याला धीर नव्हता, म्हणून त्यानं गाडीला गप्प केलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की त्यालाही माझाच पाय वाईट वाटतो. डोळे भरून आले. राग होताच, तो काही गेला नव्हता.

भूपेंद्रभाईंना मी सांगितलं, क्रॉस आजच्या आज बसवा, उद्या सकाळी सचिनला जायचंय. सरलाबाईंनी पदर सारखा केला आणि रिक्षावाल्याला नको म्हणून सांगायला त्या स्वतः चालत गेल्या.